काळ्या पाषाणाखालची माती: विदर्भातले लमेटा थर

चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. या गावच्या शिवारातल्या लाल मातीत डायनासोरची दगड झालेली विष्ठा सापडते. तिचे नमुने तपासून वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि जगभर रुजलेली एक समजूत मागे घ्यावी लागली. गवत पृथ्वीवर आलं ते डायनासोर संपल्यानंतर, असं तोवर बहुतेक जण धरून चालत होते. पिसदुऱ्याच्या विष्ठेत मात्र गवताचे अवशेष निघाले.

डायनासोरची बातमी आली की ती चवीने वाचली जाते. पण ही हाडं, अंडी आणि विष्ठा ज्या मातीने साडेसहा कोटींहून अधिक वर्षं सांभाळली, तिच्याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. मला ती माती हाडांइतकीच महत्त्वाची वाटते. हाड सांगतं की इथे कोण राहत होतं. पाऊस किती पडायचा, उन्हाळा किती कडक असायचा, नदी कुठे होती, तळं कुठे होतं, हे सगळं मातीकडून कळतं. भूवैज्ञानिक या मातीला लमेटा शैलसमूह म्हणतात. आपण सोयीसाठी लमेटा थर म्हणू.

हा थर नेमका कुठे बसतो?

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचत गेले आणि दख्खनचं पठार तयार झालं. आज उरलेला बेसाल्टच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीचे कडे, वेरूळची लेणी, रायगड, सगळं याच दगडातलं.

आता एक साधा प्रश्न विचारू. लाव्हा वाहिला तो कशावर? त्याच्या आधी इथे जमीन होतीच. तिच्यावर झाडं होती, ओढे होते, जनावरं होती. ती जमीन लाव्ह्याखाली गाडली गेली.

पश्चिम महाराष्ट्रात ती पाहायला मिळत नाही, कारण वर शेकडो मीटर बेसाल्ट आहे. तिच्यापर्यंत पोचायचं तर खोल विंधन घ्यावं लागतं, आणि अशी विंधनं आपल्याकडे भूकंपांच्या अभ्यासासाठी झाली आहेत. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विंधनात 338 मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली सुमारे 8 मीटर जुना गाळ आणि त्याच्याही खाली अतिप्राचीन नाइस खडक. कोयनेच्या परिसरात मात्र बेसाल्ट संपला की थेट ग्रॅनाइट-नाइसच लागतो, मधे गाळ नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लाव्ह्याआधीचा गाळ सगळीकडे सारखा पसरलेला नव्हता. जिथे सखल जागा होती तिथेच तो साचला, उंचवट्यांवर साचला नाही.

विदर्भात परिस्थिती वेगळी आहे. पूर्वेकडे सरकत जावं तसा बेसाल्ट पातळ होत जातो आणि नागपूरच्या आसपास संपतो. नागपूर शहर या सीमेवरच वसलेलं आहे. पश्चिमेला काळा पाषाण आणि पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक. बेसाल्टची अशी कड जिथे जिथे झिजली आहे तिथे खालचा थर उघडा पडतो. नागपूर जिल्ह्यातलं नांद आणि चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव यांच्या दरम्यानचा पट्टा त्यातला सर्वांत बोलका. भूवैज्ञानिक त्याला नांद-डोंगरगाव खोरं म्हणतात, आणि पिसदुरा त्यातच येतं. अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मध्य प्रदेशच्या हद्दीवर, सालबर्डीच्या आसपासही लमेटा थर दिसतात.

महाराष्ट्राबाहेर हे थर नर्मदेच्या काठाने जबलपूरपासून धार जिल्ह्यापर्यंत आणि पुढे गुजरातेत बालासिनोरपर्यंत तुकड्यातुकड्यांनी सापडतात. जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून त्यांना हे नाव पडलं. जाडी बहुतेक ठिकाणी काही मीटर, फार तर दहा मीटरच्या काही पट. वरच्या बेसाल्टशी तुलना केली तर ही जाडी अगदीच किरकोळ. म्हणूनच नकाशावर हा थर एखाद्या बारीक रेघेसारखा उमटतो आणि नजरेतून सहज निसटतो.

चिकणमाती म्हणजे काय?

गाळाचे खडक कणांच्या आकारावरून ओळखतात. वाळूचे कण एकत्र चिकटले की वालुकाश्म. त्याहून बारीक गाळाचा पंकाश्म किंवा मृत्तिकाश्म. चिकणमातीचा कण एका मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाहूनही बारीक असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, बोटांना नुसता गुळगुळीतपणा जाणवतो. लमेटा थरात वालुकाश्म आहे, चुनखडक आहे, पण विदर्भात त्याचा जीव आहे तो लाल आणि हिरव्या चिकणमातीत.

ही माती म्हणजे केवळ बारीक झालेला दगड नव्हे. दगड झिजताना पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून नवीच खनिजं जन्माला येतात. कोणतं खनिज तयार होणार हे मूळ दगडावर जितकं अवलंबून असतं, तितकंच हवामानावरही. भरपूर पाऊस पडत असेल आणि पाण्याचा निचरा चांगला असेल तर सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जातात आणि केओलिनाइट उरतं. पाऊस बेताचा असेल, पाणी साचून राहत असेल, तर हे घटक तिथेच राहतात आणि स्मेक्टाइट गटातली खनिजं बनतात. आणखी कोरडं, क्षारयुक्त आणि मॅग्नेशियमने भरलेलं वातावरण असेल तर पॅलिगोर्स्काइट नावाचं तंतुमय खनिज तयार होऊ शकतं. म्हणजे क्ष-किरण यंत्रात चिमूटभर माती ठेवली तरी त्या काळच्या पावसाचा अंदाज बांधता येतो.

लमेटाच्या मातीत स्मेक्टाइट भरपूर आहे आणि काही ठिकाणी पॅलिगोर्स्काइटही सापडलेलं आहे. दोन्ही मिळून एकाच दिशेने बोट दाखवतात: अर्धकोरडं हवामान, ठरावीक ऋतूत पाऊस आणि मधे दीर्घ उन्हाळा.

स्मेक्टाइटची रचना इथे समजून घेतली पाहिजे, कारण विदर्भातल्या प्रत्येक शेतकऱ्याचा तिच्याशी रोजचा संबंध आहे. या खनिजाचे अतिशय पातळ पापुद्रे पापडांच्या चळतीसारखे एकावर एक रचलेले असतात. पाणी आलं की ते पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि चळत फुगते. पाणी गेलं की ती आकसते. आपली काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात मिटते ती याच खनिजामुळे. गाडलेल्या लाल मातीतही फुगण्या-आकसण्याच्या अशाच खुणा सापडतात. फुगताना मातीची ढेकळं एकमेकांवर घासतात आणि त्यांच्या पृष्ठभागांवर गुळगुळीत, रेघाळलेली चकाकी येते. ही चकाकी आजच्या काळ्या जमिनीत खड्डा खणला तरी दिसते आणि डायनासोरच्या पायाखालच्या मातीतही दिसते. वऱ्हाडातला उन्हाळा आणि पावसाळा यांचं हे वर्षानुवर्षं चालणारं रहाटगाडगं तेव्हाही कुठल्या ना कुठल्या रूपात चालू होतं, याचा हा पुरावा.

अर्थात ते वऱ्हाड तेव्हा इथे नव्हतं. भारताचा भूखंड त्या काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, चारी बाजूंनी समुद्राने वेढलेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. हिमालय अजून जन्मायचा होता. आजच्यासारखा मोसमी पाऊस तेव्हा होता असं म्हणता येत नाही. ओल्या आणि कोरड्या ऋतूंची पाळी मात्र होती.

मातीचे रंग आणि त्यातले खडे

लाल रंग लोहाचा. माती हवेला उघडी असेल तर तिच्यातल्या लोहाला गंज चढतो आणि माती लाल होते. हिरवट किंवा करडा रंग बहुधा पाण्याखालच्या, हवा न पोचलेल्या मातीचा असतो, कारण तिथे लोहाचं ऑक्सिडीकरण होत नाही. लाल मातीत हिरवे-पांढरे डाग दिसले तर त्याचा अर्थ असा की पाण्याची पातळी वर-खाली होत होती. मूळ कुजताना आसपासच्या मातीतला ऑक्सिजन संपतो, म्हणून कधी कधी मुळाच्या आकाराची फिकट रेघ उरते. मूळ केव्हाच गेलेलं असतं, पण त्याची वाट शिल्लक असते.

तिसरी खूण म्हणजे चुनखडीचे खडे. कोरड्या प्रदेशात जमिनीत मुरलेलं पाणी खाली निघून जाण्याआधीच वाफ होऊन जातं आणि त्यात विरघळलेला चुना मागे राहतो. तो साचत साचत गाठी बनतात. आजही आपल्या शेतात नांगराला लागणारे चुनखडीचे खडे असेच तयार झालेले असतात. जबलपूरला तर लमेटाच्या एका पूर्ण थराला 'ठिपक्यांचा गाठाळ थर' अशा अर्थाचं नाव आहे. एस. के. टंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाठींचा बारकाईने अभ्यास करून दाखवलं की यातले बरेचसे थर म्हणजे प्राचीन शेतजमिनीसारख्या मुरलेल्या, पिकलेल्या मृदा आहेत. गाळ साचला, मग बराच काळ तसाच उघडा पडून राहिला, त्यावर झाडझाडोरा उगवला, चुना साठला, आणि मग पुन्हा पूर येऊन नवा गाळ पडला. हा क्रम कितीतरी वेळा झाला.

डोंगरगावला मात्र चित्र पालटतं. तिथे चुनखडकाचे आणि चिकणमातीचे पातळ थर आहेत, शांत पाण्यात साचणाऱ्या गाळासारखे. आणि त्यांत मासे आहेत. ब्रिटिश संग्रहालयातले मत्स्यजीवाश्मांचे जाणकार आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी 1908 मध्ये डोंगरगावच्या माशांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यात लांब जबड्याचा, जाड खवल्यांचा गार मासा आहे. त्याचे भाऊबंद आज उत्तर आणि मध्य अमेरिकेच्या नद्यांत सापडतात, भारतात एकही नाही. म्हणजे डोंगरगावला तळं होतं, आणि पिसदुऱ्याला पुराच्या पाण्याखाली अधूनमधून जाणारं नदीकाठचं मैदान. ही दोन्ही गावं एकमेकांपासून फार लांब नाहीत, पण दोन्हीकडच्या मातीचा पोत आणि रंग त्यांच्यातला फरक आजही सांगतो. धनंजय मोहबे यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात असताना या खोऱ्याची नदी, पूरमैदान, दलदल आणि तळं अशी मांडणी उलगडून दाखवली. विदर्भाच्या भूविज्ञानात त्यांचं हे काम मला पायाभूत वाटतं.

पाद्री, कॅप्टन आणि हरवलेला मणका

लमेटातली हाडं पहिल्यांदा सापडली ती 1828 मध्ये, जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर. शोधणारे कॅप्टन विल्यम स्लीमन, ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेले तेच. 'डायनासोर' हा शब्द जन्माला यायला अजून 14 वर्षं होती. पुढे 1877 मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी त्या शेपटीच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस ही जात ठरवली. त्यानंतर ते मणके हरवल्याचं समजलं जात होतं. त्यातला एक 2012 मध्ये कोलकात्यात, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्याच संग्रहात पुन्हा मिळाला.

नागपूरकरांना जवळचं वाटेल असं नाव मात्र स्टीफन हिस्लॉप यांचं. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच. स्कॉटलंडहून आलेले हे मिशनरी शाळा चालवायचे, गोंड समाजाच्या भाषा आणि परंपरा टिपून ठेवायचे आणि उरलेल्या वेळात दगड गोळा करत हिंडायचे. आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी नागपूरच्या परिसराचं भूविज्ञान आणि जीवाश्म यांवर 1850 च्या दशकात लिहिलं, आणि पिसदुरा जगाच्या नजरेला आलं ते त्यांच्यामुळे. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. 1879 मध्ये लायडेकर यांनी पिसदुऱ्याच्या हाडांवरून टायटॅनोसॉरसची आणखी एक जात वर्णन केली.

यानंतर चार्ल्स मॅटली यांनी जबलपूरला मोठं उत्खनन केलं आणि 1933 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश फॉन ह्यूने यांच्याबरोबर त्यावर ग्रंथ काढला. पण सगळ्यांत पूर्ण म्हणावा असा लांबमान्या डायनासोर आपल्या डोंगरगावच्या टेकडीने दिला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूवैज्ञानिकांनी 1980 च्या दशकात तो खणून काढला आणि सोहनलाल जैन व शाश्वती बंदोपाध्याय यांनी 1997 मध्ये त्याचं वर्णन केलं. 2003 पासून त्याचं नाव आहे आयसिसॉरस. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते बेतलेलं आहे. सांख्यिकी संस्थेच्या नावाचा डायनासोर, आणि तोही चंद्रपूर जिल्ह्यातला! शाळेच्या पुस्तकात हे असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

गुजरातेतल्या दोन शोधांचा उल्लेख टाळता येत नाही. रैयोलीच्या हाडांवरून 2003 मध्ये राजासॉरस या मांसाहारी डायनासोरची ओळख पटली. आणि धोली डुंगरी इथे मोहबेंना सापडलेल्या एका घरट्यात अंडी होती, अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू होतं आणि त्यांच्याभोवती वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप होता. 'सनाजे इंडिकस' या नावाने तो साप 2010 मध्ये जगासमोर आला. तिघंही एकाच क्षणी, बहुधा पावसात कोसळलेल्या किंवा वाहून आलेल्या गाळाखाली गाडले गेले. गाळ लगेच पडला नसता तर यातलं काहीही उरलं नसतं. जीवाश्म टिकण्यात मातीचा वाटा असा असतो.

विष्ठेतलं गवत

आता पुन्हा पिसदुऱ्याकडे. इथल्या लाल मातीत मुठीएवढे आणि त्याहून मोठे विष्ठेचे गोळे मिळतात. हाडं लांबमान्या डायनासोरची आणि गोळेही त्याच थरातले, म्हणून त्यातले मोठे गोळे याच शाकाहारी प्राण्यांचे असावेत असं मानलं जातं. त्यांच्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांची, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंच्या प्रमाणाची, तपासणी 2003 मध्ये झाली होती. पानांवर वाढणाऱ्या बुरशीचे अवशेषही त्यांत ओळखले गेले होते. म्हणजे जनावर पाला खात होतं, एवढं ठरलेलं होतं.

गवत ओळखू आलं ते वनस्पतींच्या वाळूमुळे. कित्येक झाडं जमिनीतून सिलिका, म्हणजे वाळूचाच मुख्य घटक, शोषून पेशींमध्ये साठवतात. गवताच्या पातीने बोट कापतं त्याला हीच सिलिका कारण असते. प्रत्येक वनस्पतीगटात या सूक्ष्म कणांचा आकार वेगळा असतो. पाती कुजते, पचते, पण सिलिकाचे कण तसेच राहतात. हे कण वेगळे करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा गवताच्या किमान पाच वेगवेगळ्या प्रकारांचे कण सापडले. त्यांतले काही भाताच्या कुळाशी जवळचे होते. 2011 मध्ये याच दिशेने पुढचं काम प्रसिद्ध झालं आणि भाताच्या जवळच्या वंशाची मुळं डायनासोरच्या काळापर्यंत मागे गेली.

याचा अर्थ कुरणंच्या कुरणं पसरली होती असा मात्र नाही. विष्ठेत इतर झाडांचे अवशेषही आहेत: शंकूधारी झाडं, सायकॅड, ताडमाडाच्या जातीची झाडं. गवत त्या मिश्र आहारातला एक भाग होतं. पण ते होतं, आणि एकाहून अधिक प्रकारांचं होतं. म्हणजे ते त्याच्याही बरंच आधी जन्मलेलं असणार.

समुद्र की जमीन?

लमेटा थर नेमका कुठे साचला यावर भूवैज्ञानिकांमध्ये बरीच वर्षं वाद झाला. 1960 ते 1980 च्या दरम्यान जबलपूरच्या थरांवर काम करणाऱ्या अनेकांचं मत होतं की हा समुद्रकिनाऱ्याचा, खाडीचा गाळ आहे. चुनखडक, हिरवा वालुकाश्म आणि गाळातली बिळांसारखी नळकांडी ही त्यांची कारणं. काहींनी ती नळकांडी खेकड्यांच्या वर्गातल्या प्राण्यांची बिळं म्हणून ओळखली होती.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद मातीतून आला. समुद्राच्या तळाशी चुनखडीच्या गाठी आणि मुळांच्या खुणा असलेली मृदा तयार होत नाही. गोगलगाई सापडतात त्या गोड्या पाण्याच्या. आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या प्राण्यांची घरटी तर जागच्या जागी आहेत. 1987 मध्ये ब्रुकफील्ड आणि साहनी यांनी अर्धकोरड्या प्रदेशातल्या मृदा, नदी आणि पूरमैदान अशी मांडणी केली आणि नंतरच्या अभ्यासांनी तिला बळ दिलं. आज बहुतेक जण लमेटाला जमिनीवरचा गाळ मानतात. मलाही तोच पक्ष भक्कम वाटतो, विशेषतः विदर्भात, जिथे समुद्राची शंका घ्यायला जागाच फार थोडी आहे.

दुसरा वाद अजून मिटलेला नाही. लमेटाच्या मातीतलं स्मेक्टाइट आलं कुठून? काही संशोधकांनी मातीतल्या मूलद्रव्यांचं प्रमाण मोजून असा निष्कर्ष काढला की ही माती बेसाल्ट झिजून बनली आहे. तसं असेल तर लमेटाचा गाळ साचत होता तेव्हा कुठेतरी लाव्हा आधीच बाहेर पडलेला होता. मग 'आधी शांत जमीन, नंतर लाव्हा' हे सरळसोट चित्र बदलतं. दोन्ही गोष्टी काही काळ बरोबरीने चालल्या, असं म्हणावं लागतं. इतरांचं म्हणणं असं की आसपासचे जुने खडक झिजूनही अशी माती बनू शकते.

याला जोडून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दोन लाव्हा थरांच्या मधेही काही ठिकाणी गाळाचे पातळ थर आहेत. नागपूरचं टाकळी त्यासाठी प्रसिद्ध आहे. एक लाव्हा थंड झाला, पुढचा यायला वेळ होता, मधल्या काळात तळी साचली, जीव परत आले. कच्छमधल्या अंजारच्या अशाच मधल्या थरांत डायनासोरची हाडं आणि अंड्यांची कवचं मिळाली आहेत. म्हणजे पहिला लाव्हा आला आणि डायनासोर संपले, असं झालं नाही. ज्वालामुखी धगधगत असतानाही ते काही काळ या भूमीवर टिकून होते. त्यांच्या अंतात लाव्ह्याचा वाटा किती आणि मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा किती, हा प्रश्न जगभर चर्चेत आहे. त्याच्या उत्तराचा एक तुकडा आपल्या बेसाल्टखालच्या आणि बेसाल्टमधल्या मातीत आहे.

विहीर, शेत आणि खाण

ही माती आजच्या माणसांच्याही आयुष्यात आहे. चिकणमातीत पाणी धरून ठेवायची ताकद मोठी, पण पाणी सोडायची ताकद फार कमी. कण इतके बारीक की त्यांच्यामधल्या जागेतून पाणी पुढे सरकत नाही. म्हणून लमेटाच्या निव्वळ मातीत विहीर पाडली तर पाणी जेमतेम लागतं. चुनखडकाच्या भेगाळ पट्ट्यात किंवा वालुकाश्मात परिस्थिती बरी असते. उलट, वरच्या भेगाळलेल्या बेसाल्टमधून झिरपत आलेलं पाणी या मातीशी अडलं तर तिच्या वरच्या अंगाला ओल टिकते. विहिरीची जागा ठरवताना बेसाल्ट किती खोल आहे आणि त्याखाली माती आहे की वालुकाश्म, हे आधी कळलं तर बराच खर्च वाचू शकतो. भूजल सर्वेक्षणाचे नकाशे त्यासाठीच असतात आणि ग्रामपंचायतींनी ते मागून घ्यायला हवेत.

बांधकामालाही ही माती त्रास देते. फुगणाऱ्या मातीवर उथळ पाया घातला की भिंतीला तडे जातात. काळ्या जमिनीवर घर बांधणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

माझी खरी काळजी मात्र वेगळीच आहे. पातळ थर सहज संपतो. बेसाल्टची टेकडी खोदून निम्मी केली तरी तिच्यात तोच दगड उरतो. लमेटाचा सहा-सात मीटरचा पट्टा एकदा मुरूम-मातीसाठी उपसला, की त्या जागेचा पुरावा कायमचा गेला. गुजरातने रैयोलीला जीवाश्मांची जागा कुंपण घालून राखली आणि 2019 मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. आता लोक दुरून ते पाहायला येतात आणि गावाला त्यातून काम मिळतं. पिसदुरा आणि डोंगरगाव यांचं मोल त्याहून कमी नाही. ताडोबाला जाणारे हजारो पर्यटक वरोऱ्याच्या रस्त्याने जातात. त्यांना थांबायला एक साधं माहिती केंद्र, थराचा एक नीट राखलेला उभा छेद आणि गावातली चार प्रशिक्षित मुलं पुरेशी आहेत.

आणि शेतात काम करताना, विहीर खणताना किंवा ओढ्याच्या काठाला असं काही दिसलं तर? लाल-हिरव्या मातीत जड, गुळगुळीत, आतून सच्छिद्र जाळी दिसणारा दगड असेल, तर तो हाडाचा असू शकतो. गोल, वाडग्यासारखी वळलेली कवचं अंड्यांची असू शकतात. अशा वेळी ते उपटून घरी नेऊ नका आणि कुणाला विकूही नका. जागेवरच, शेजारी एखादी वस्तू ठेवून फोटो काढा म्हणजे आकार कळेल. फोनमधलं ठिकाण नोंदवून ठेवा. मग नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागाला कळवा. हाड कोणत्या रंगाच्या मातीत होतं, तिच्यात चुनखडीचे खडे होते का, वर बेसाल्ट किती अंतरावर होता, हे सगळं त्यांना हाडाइतकंच हवं असतं. मातीतून सुटं केलेलं हाड फार तर प्राण्याचं नाव सांगेल. तो नदीकाठी मेला की तळ्यात, ओल्या वर्षी की कोरड्या, हे त्याला चिकटलेल्या मातीशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.